घरातल्या दारूचा वंशवृक्ष कसा काढायचा

जुन्या कॅलेंडरचं मोठं पान घ्या, पाठकोरं. वहीच्या पानावर दोन पिढ्यांतच जागा संपते. ज्या मुलाची काळजी वाटते त्याला खाली मध्यभागी ठेवा. वर आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, आणि त्यांच्या वर चारही आजी-आजोबा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याला दारूचं व्यसन होतं त्याची खूण काळी. मी सातारा भागात व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे आणि नव्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत हे करायला बसवते. ‘आमच्याकडे कुणीच नव्हतं हो, हाच एक निघाला’ म्हणणाऱ्या घरातही तासाभरात दोन-तीन चौकोन काळे होतात. बहुतेकदा ते आजोळचे असतात, कारण तिकडचं कुणी मोजलेलंच नसतं.

‘ते प्यायचे का?’ असं विचारू नका. ‘सणासुदीला घ्यायचे’ हे उत्तर ठरलेलं असतं. त्यापेक्षा कशाने गेले ते विचारा. ‘पोटात पाणी झालं’, ‘रक्ताची उलटी झाली’ असं कळलं की पुढचा प्रश्न विचारता येतो. (कावीळ म्हणजे दारूच असं मात्र धरू नका, तिची कारणं अनेक.) रान का विकलं? नोकरी का सुटली? पुरुषांपेक्षा घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावं. एक आत्याबाई भावाबद्दल म्हणाल्या, ‘दादा सोन्यासारखा होता गं. फक्त पगाराच्या दिवशी मी संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायचे, नाहीतर तो घरी पोचायचा नाही.’ चौकोन काळा करायला एवढं पुरे. कुणी नैराश्यात होतं का, आत्महत्या झाली का, हेही लिहा. आणि ज्यांनी सोडली त्यांच्याभोवती हिरवी रेघ ओढा.

आता सगळ्यात महत्त्वाची खूण. ‘बाटली संपवली तरी सरळ चालायचा’ असं ज्याच्याबद्दल कौतुकाने सांगतात, त्याच्यापुढे चांदणी काढा. आपल्याकडे पचवणाऱ्याला मर्द समजतात. अमेरिकेत सॅन डिएगोला मनोविकारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू दिली आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना सुरुवातीला कमी चढत होती, तेच पुढे जास्त प्रमाणात व्यसनात अडकले. ज्याचं शरीर ‘पुरे’ म्हणत नाही तो पितच राहतो, आणि ही ठेवण बऱ्याच अंशी रक्तातून येते.

याच्या उलटही असतं. चीन, जपान, कोरियाकडे अनेकांमध्ये असा जनुक असतो की दोन घोटांत चेहरा लाल होतो, छाती धडधडते. दारू पचताना तयार होणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन शरीरात साठतं, त्यामुळे पिणं नकोसं होतं. भारतात हा जनुक क्वचित. दारू सोडवण्यासाठी देतात ती डायसल्फिराम ही गोळी नेमका तोच परिणाम औषधाने घडवते. म्हणूनच ती भाजीत चोरून घालणं जीवावर बेतू शकतं. डॉक्टरांशिवाय आणि पिणाऱ्याला न सांगता ती कधीही देऊ नका.

कागद वाचायचा कसा? आई-वडील आणि सख्खी भावंडं यांचं वजन जास्त, चुलत-मावस यांचं कमी. डेन्मार्कमध्ये मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड गुडविन यांनी 1973मध्ये दत्तक मुलांचा अभ्यास मांडला. जन्मदात्याला व्यसन असलेले मुलगे तान्हेपणीच दुसऱ्या घरी गेले, तरी इतर दत्तक मुलांच्या सुमारे चौपट प्रमाणात व्यसनी झाले. पण त्यातलेही बहुतेक झाले नाहीत, हे त्याच श्वासात मुलाला सांगा. दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण 50 टक्के मानतात. म्हणजे माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला निम्मा. तुमच्या मुलाला निम्मी शक्यता, असा त्याचा अर्थ नव्हे. यामागे एक जनुक नाही, अनेक आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम बारीक. त्यामुळे ‘व्यसनाची जनुक चाचणी’ कुणी विकत असेल तर पैसे घालवू नका.

आणखी एक: हा कागद स्थळं पाहताना बाहेर काढायचा नाही. मी तो कुटुंबाच्याच हातात देते, फोटोसुद्धा काढू देत नाही.

काळे चौकोन जास्त निघाले तर पहिला घोट जितका लांबेल तितका लांबवा. महाराष्ट्रात कायद्याने बिअरला 21 आणि कडक दारूला 25 वर्षं लागतात, पण गटारीला किंवा मामाच्या लग्नात चौदा वर्षांच्या पोराच्या हातात ग्लास देणारे आपलेच असतात. त्यांना आधीच, नाव घेऊन बजावा. मुलाशी बोलताना ‘बापावर गेलास’ हे वाक्य घरातून हद्दपार करा. त्याऐवजी, ‘आपल्या घरात ही लवकर चिकटते, आणि तुला चढली नाही तर जास्त सांभाळ’ असं सरळ सांगा.

जो आधीच रोज पितो त्याची बाटली एका दिवसात फोडू नका. अचानक थांबल्यावर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं घडतं आणि त्यात माणूस दगावूही शकतो. आधी डॉक्टर. 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि तिथे पिणाऱ्याच्या बायकोने किंवा मुलाने फोन केला तरी चालतो.