पुण्यात बसून ब्राझीलची सेरी डी कशी समजून घ्यावी

ब्राझीलच्या फुटबॉलशी आपली ओळख बहुधा विश्वचषकातल्या पिवळ्या जर्सीपासून सुरू होते आणि फार तर फ्लामेंगो, सांतोस, पाल्मेइरास अशा चार-दोन मोठ्या क्लबांपाशी थांबते. त्या क्लबांच्या सेरी ए या श्रेणीखाली आणखी तीन राष्ट्रीय श्रेण्या आहेत. त्यांतली सर्वांत खालची सेरी डी 2009 मध्ये सुरू झाली, आणि माझ्या मते ब्राझीलचा खरा भूगोल समजून घ्यायचा असेल तर तीच पाहावी. पुण्यातून ही स्पर्धा वर्षभर नेटाने पाहू इच्छिणाऱ्या वाचकासाठी हे टिपण लिहीत आहे.

नवखा वाचक सहसा गुणतक्ता उघडून सुरुवात करतो. तसे करू नये, कारण सेरी डीमध्ये तक्त्याच्या आधी कॅलेंडर येते. ब्राझीलमध्ये 26 राज्ये आणि एक राजधानी जिल्हा असे 27 घटक असून प्रत्येकाचा स्वतंत्र फुटबॉल महासंघ आहे. राष्ट्रीय साखळी 1971 मध्ये सुरू झाली, पण साओ पाउलो राज्याची स्पर्धा 1902 पासून खेळली जाते. म्हणजे राज्यस्पर्धा आधी आणि देश नंतर, असाच तिथला क्रम आहे. वर्षाचे पहिले महिने आजही राज्यस्पर्धांचे असतात. त्या संपल्या की वरच्या तीन श्रेण्यांतल्या क्लबांपुढे आपापली साखळी असते, आणि उरलेल्या शेकडो क्लबांपुढे एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे आता वर्षभर खेळायचे कुठे. ज्या क्लबाला सेरी डीचे दार उघडते त्याला पुढचे काही महिने काम असते. ज्याला ते उघडत नाही त्याच्याविषयी तिकडचे लोक ‘सें कालेंदारिओ’, म्हणजे कॅलेंडर नसलेला, असे म्हणतात. अशा क्लबातल्या खेळाडूंचे करार राज्यस्पर्धेबरोबरच संपतात.

हे एकदा ध्यानात आले की स्पर्धेचा सर्वांत वेगळा नियम आपोआप उलगडतो. सेरी डीमधून कोणी खालच्या श्रेणीत जात नाही, कारण तिच्याखाली राष्ट्रीय श्रेणीच नाही. क्लब एकतर वर सेरी सीमध्ये जातो, नाहीतर त्याला पुढच्या वर्षीची जागा पुन्हा आपल्या राज्यातून मिळवावी लागते. गेल्या वर्षी तो कितव्या फेरीपर्यंत पोहोचला याला त्या वेळी फारसे मोल नसते. महाराष्ट्र केसरीला जाणारा मल्ल जसा दर वर्षी आपल्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या निवड चाचणीतून नव्याने उतरतो, तसेच हे आहे. याला मुख्य अपवाद सेरी सीमधून घसरलेल्या क्लबांचा, कारण ते थेट येतात.

राज्याला किती जागा मिळणार हे महासंघांच्या राष्ट्रीय क्रमवारीवरून ठरते. साओ पाउलोसारख्या वरच्या राज्याला अधिक, तर तळाच्या राज्याला कमी. एखाद्या राज्यस्पर्धेचा विजेता आधीच सेरी ए, बी किंवा सीमध्ये असेल तर त्याची जागा वाया जात नाही, ती खालच्या क्रमांकावरच्या क्लबाकडे सरकते. म्हणून राज्यस्पर्धेचा तक्ता पाहताना आधी वरच्या तीन श्रेण्यांतली नावे पेन्सिलीने खोडावीत आणि उरलेल्यांत पहिला कोण हे पाहावे. बातमी विजेत्याची असते, पण खरी चुरस बहुतेक वेळा या खोडून उरलेल्या नावांमध्ये असते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की एका वर्षाच्या राज्यस्पर्धेतून पुढच्या वर्षीच्या सेरी डीची जागा मिळते.

या नियमाचे परिणाम पाहायचे असतील तर रेसिफे शहरातल्या सांता क्रूझ या क्लबाचा इतिहास समोर ठेवावा. 1914 मध्ये स्थापन झालेला हा क्लब 2006 मध्ये सेरी एमधून, 2007 मध्ये बीमधून आणि 2008 मध्ये सीमधून असा लागोपाठ तीन वर्षे घसरला आणि 2009 मध्ये नव्याने जन्मलेल्या सेरी डीमध्ये येऊन पडला. तिथे तो तीन हंगाम राहिला. 2011 मध्ये बढती ठरवणाऱ्या सामन्याला आरुदा मैदानावर जवळपास 60 हजार लोक होते, आणि सामना होता चौथ्या श्रेणीचा. तिथून हा क्लब चढत 2016 मध्ये पुन्हा सेरी एमध्ये पोहोचला आणि पुन्हा घसरला. 2023 मध्ये तो सेरी डीमधून बढती मिळवू शकला नाही, आणि त्या वर्षीच्या राज्यस्पर्धेतूनही त्याला पुढची जागा मिळालेली नव्हती. त्यामुळे 2024 मध्ये लाखो चाहते असलेल्या या क्लबाला एकाही राष्ट्रीय श्रेणीत स्थान नव्हते. 2025 मध्ये तो परतला, बढती मिळवली आणि अंतिम फेरीत सांता कातारीना राज्यातल्या बारा या क्लबाकडून हरला. पुण्याच्या वाचकाला हे रिकामे वर्ष समजावून सांगावे लागू नये. बालेवाडीत पुणे एफसीचे आणि नंतर एफसी पुणे सिटीचे सामने पाहिलेल्या माणसाला, रविवार येतो आणि आपल्या संघाचा सामनाच नसतो तेव्हा कसे वाटते, ते ठाऊक आहे.

आता रचना पाहू. 2022 ते 2025 या काळात स्पर्धेत 64 क्लब होते आणि त्यांचे आठ-आठ क्लबांचे आठ गट होते. गट शक्यतो शेजारच्या राज्यांचे मिळून केले जातात, कारण देश 85 लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि उत्तरेकडच्या संघाला दर पंधरवड्याला दक्षिणेत पाठवणे कोणालाच परवडणारे नाही. गटातला प्रत्येक क्लब दुसऱ्याशी घरी एकदा आणि बाहेर एकदा असे 14 सामने खेळत असे आणि पहिले चार पुढे जात. त्यानंतर बाद फेऱ्या सुरू होत. बाद फेरीला तिकडे ‘माता-माता’ म्हणतात, आणि त्या शब्दातच मारण्याचा अर्थ आहे. या फेऱ्याही दोन सामन्यांच्या असतात, दोन्ही मिळून गोल समान झाले तर थेट पेनल्टी घेतल्या जातात, आणि बाहेरच्या मैदानावर केलेल्या गोलाला जादा वजन नसते. उपांत्य फेरी गाठणारे चारही क्लब सेरी सीमध्ये जात. म्हणून त्या रचनेत सर्वांत जीवघेणी फेरी अंतिम नसून उपउपांत्य होती, आणि वर्षातून एकच आठवडा जागायचे ठरवले असेल तर त्या फेरीचा दुसरा सामना निवडावा.

2026 पासून ब्राझीलच्या महासंघाने, म्हणजे सीबीएफने, ही स्पर्धा 96 क्लबांपर्यंत वाढवली आणि बढतीच्या जागा चारावरून सहावर नेल्या. त्याच सुधारणेत राज्यस्पर्धांच्या तारखा 16 वरून 11 वर आणल्या. माझ्या दृष्टीने या दोन निर्णयांतला पहिला फार मोलाचा आहे, कारण आणखी 32 गावांना मार्चनंतरही फुटबॉल मिळाला. दुसऱ्याबद्दल मला काळजी वाटते. ज्या छोट्या क्लबाला सेरी डी मिळत नाही त्याचे वर्ष आता आणखी आखूड झाले. रचना अशी बदलत राहते म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला सीबीएफच्या संकेतस्थळावरून त्या वर्षीची नियमावली उतरवून घ्यावी. तिला ‘रेगुलामेंतो एस्पेसिफिको’ म्हणतात. कागद थोडे असतात आणि भाषांतराच्या ॲपमधून नीट वाचता येतात.

यानंतर गुणतक्त्याकडे वळावे, आणि इथे एक फसगत ठरलेली आहे. इंग्रजी तक्त्यांच्या सवयीने आपण ‘डी’ या अक्षराचा स्तंभ ड्रॉचा, म्हणजे बरोबरीचा समजतो. पोर्तुगीज तक्त्यात ‘डी’ म्हणजे ‘देरोतास’, पराभव. बरोबरीचा स्तंभ ‘ई’ अक्षराचा असतो, कारण बरोबरीला ‘एंपाते’ म्हणतात, आणि ‘व्ही’ म्हणजे ‘वितोरियास’, विजय. दुसरी गोष्ट समान गुणांची. दोन क्लबांचे गुण सारखे झाले तर ब्राझीलमध्ये आधी गोलफरक पाहत नाहीत, विजयांची संख्या पाहतात. समजा, जुन्या रचनेत 14 सामन्यांनंतर एका क्लबाने 6 विजय, 3 बरोबरी आणि 5 पराभव अशी कामगिरी केली, आणि दुसऱ्याने 5 विजय, 6 बरोबरी आणि 3 पराभव. दोघांचेही गुण 21. दुसरा क्लब कमी हरला आहे, त्याचा गोलफरकही कदाचित चांगला असेल, तरीही चौथी जागा पहिल्याची, कारण त्याचे विजय सहा आहेत. हा नियम डोक्यात पक्का असला की शेवटच्या फेरीत बरोबरी पुरेशी असताना एखादा संघ विजयासाठी का धावतो आहे ते लगेच कळते.

नावांचा गोंधळ सर्वांनाच होतो. बोताफोगो नावाचा क्लब रिओमध्ये आहे, साओ पाउलो राज्यात आहे आणि पराइबा राज्यातही आहे. यांतल्या शेवटच्या दोघांनी सेरी डी जिंकली आहे, पराइबाच्या क्लबाने 2013 मध्ये आणि साओ पाउलोच्या क्लबाने 2015 मध्ये. वडगाव म्हटल्यावर आपण जसे शेरी, बुद्रुक की मावळ असे विचारतो, तसे तिथे नावापुढे राज्याची दोन अक्षरे जोडतात. ती अक्षरे न वाचता निकाल वाचू नये. माझा सल्ला असा की आधी राज्य निवडावे आणि मग त्यातला क्लब. नकाशावर राज्य माहीत झाले की गट, प्रवास, हवामान आणि शेजाऱ्यांचे वैर हे सगळे क्लबाच्या पाठोपाठ येते.

वेळेचा हिशोब सोपा आहे, पण तो एकदा लिहून भिंतीला लावावा. ब्राझिलियाची वेळ आपल्यापेक्षा साडेआठ तासांनी मागे आहे आणि तिकडे 2019 पासून उन्हाळी वेळ बंद असल्याने हा फरक वर्षभर बदलत नाही. रविवारी दुपारी 4 वाजताचा सामना पुण्यात रात्री साडेबाराला सुरू होतो, म्हणजे तोवर सोमवार उजाडलेला असतो. मानाउस शहर आणखी एक तास मागे आहे आणि आक्रे राज्य दोन तास. त्यामुळे दिलेली वेळ ब्राझिलियाची आहे की स्थानिक हे आधी पाहावे. पहिल्या वर्षी मी हे पाहिले नव्हते आणि मानाउसच्या एका सामन्यासाठी तासभर काळ्या पडद्यासमोर बसलो होतो.

सगळेच सामने थेट पाहायला मिळतील असे नाही, पण न पाहिलेला सामनाही बारकाईने वाचता येतो, आणि या स्पर्धेतला माझा सर्वांत आवडता भाग हाच आहे. प्रत्येक सामन्यानंतर सीबीएफ दोन कागद प्रसिद्ध करते. पहिला ‘सुमुला’, म्हणजे पंचांचा अहवाल. त्यात दोन्ही संघांची यादी, गोलांची मिनिटे आणि कार्डांची कारणे तर असतातच, शिवाय सामना उशिरा सुरू झाला असेल तर त्याचे कारणही नोंदलेले असते. दुसरा ‘बोर्देरो’, म्हणजे तिकीट खिडकीचा हिशोब. त्यात कोणत्या दराची किती तिकिटे गेली, पैसे देऊन किती लोक आले, पंच, रुग्णवाहिका, सुरक्षा यांवर किती खर्च झाला आणि शेवटी हाती काय उरले, हे सगळे ओळीने लिहिलेले असते. छोट्या क्लबाच्या बोर्देरोत शेवटचा आकडा उणे असणे नेहमीचे आहे. तिकिटांतून आलेल्या पैशांपेक्षा खेळवण्याचा खर्च जास्त होतो. हा कागद पाहिल्यावर सीबीएफ या श्रेणीतल्या क्लबांचा प्रवास आणि मुक्काम यांचा भार का उचलते हे वेगळे समजावे लागत नाही.

वाट किती वर जाते याचे ताजे उदाहरण मिरासोल. साओ पाउलो राज्यातल्या सुमारे 60 हजार वस्तीच्या या गावाचा क्लब 2020 ची सेरी डी जिंकला, 2022 मध्ये सेरी सी जिंकला, 2024 मध्ये सेरी बीमध्ये दुसरा आला, आणि 2025 मध्ये सेरी एच्या आपल्या पहिल्याच हंगामात चौथा येऊन कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. त्याआधी शापेकोएन्से 2009 च्या सेरी डीमधून निघून 2014 मध्ये सेरी एमध्ये पोहोचला होता. उलट सेआरा राज्यातला फेरोव्हियारिओ 2018 आणि 2023 अशी दोनदा सेरी डी जिंकला, म्हणजे मधल्या काळात तो वर जाऊन पुन्हा खाली आला होता. क्लब निवडताना हे तीनही इतिहास समोर ठेवावेत.

अंतिम सामना झाला की बहुतेक वाचक वही मिटतात. ती मिटू नये, कारण वर्षाच्या उत्तरार्धात काही राज्यांत कॅलेंडर नसलेल्या क्लबांसाठी राज्यचषक खेळवले जातात. त्यांतला साओ पाउलो राज्याचा कोपा पाउलिस्ता अवश्य पाहावा. तो जिंकणाऱ्या क्लबाला पुढच्या वर्षीची सेरी डीची जागा आणि कोपा दो ब्राझील या राष्ट्रीय बाद स्पर्धेची जागा यांपैकी एक निवडता येते आणि उरलेली उपविजेत्याकडे जाते. कोपा दो ब्राझीलमध्ये एका सामन्याचे पैसे चांगले असतात, पण पहिल्याच फेरीत हरले की संपले. सेरी डीमध्ये पैसे कमी, पण महिने जास्त. विजेत्याने काय निवडले ते नव्या वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवावे.