ट्रॅकच्या गाडीला बकेट सीट घेताय? आधी डोक्यावर हेल्मेट चढवा

बकेट सीट, म्हणजे अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी खोलगट रेसिंग सीट, घ्यायला जाताना पाकीट विसरलात तरी चालेल, हेल्मेट विसरू नका. मागच्या खेपेला मी नेमकं तेच विसरलो. दुकानात सीट कमरेला, खांद्याला इतकी चपखल बसली की तिथल्या तिथे पैसे मोजून मोकळा झालो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हेल्मेट घालून गाडीत शिरलो आणि डोकं थेट छताला. मान एका बाजूला कलती ठेवून जेमतेम एक सेशन काढलं, मग गाडी बाजूला लावली आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या बघत बसलो. फी परत मिळत नाही.

दुकानात डोक्यावर छत नसतं, घोडं इथेच पेंड खातं. हेल्मेटमुळे डोक्याची उंची चार-पाच सेंटीमीटरने वाढते, हे निदान सुचतं तरी. मागच्या बाजूची जाडी कुणाच्याच लक्षात येत नाही. बकेट सीटची पाठ वर डोक्यापर्यंत एकसंध असते, हेल्मेट तिला टेकलं की मान पुढे ढकलली जाते आणि हनुवटी छातीकडे येते. ब्रेकिंगच्या वेळी ही मान कशी असेल याची कल्पना करा. डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली सीट घेणार असाल तर हेल्मेट घालून दोन्हीकडे मान वळवून बघा. आरसे दिसतात का, वळणाचा आतला कोपरा दिसतो का. आणि हेल्मेट गाडीच्या रेसिंगचं घाला, स्नेल एसए या मोटार रेसिंगच्या सुरक्षा-मानकाच्या शिक्क्याचं. बाइकचं घालून माप घेऊ नका. त्याला आगरोधक अस्तर नसतं, त्यामुळे ते शेवटी बदलावं लागणारच, आणि आकारही वेगळा असतो.

माप असं घ्या. गाडीतली मूळ सीट काढा. फ्लोअरपासून छताच्या अस्तरापर्यंत सरळ उभी उंची मोजा. त्यातून ब्रॅकेट (सीट फ्लोअरला धरणारा धातूचा आधार), स्लायडर (सीट पुढे-मागे सरकवणारी पट्टी), सीटच्या तळाची जाडी वजा करा. मग जमिनीवर भिंतीला टेकून, हेल्मेट घालून बसा आणि हेल्मेटच्या टोकापर्यंतची उंची वजा करा. वर किमान चार बोटं मोकळी उरली पाहिजेत, कारण कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून, गाडी उसळली की तुम्हीही उसळता. सनरूफ असेल तर त्याची चौकट आणखी जागा खाते. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर छत तोलणारा आतला पाइपांचा सांगाडा, असेल तर माप छतापासून घेऊ नका, पाइपवरच्या पॅडिंगपासून घ्या. उजवीकडेही बघा: डाव्या वळणात डोकं दाराजवळच्या खांबाकडे (पिलरकडे) झुकतं, तिथे हेल्मेट आपटायला नको. जागा कमी पडली तर स्लायडर काढून टाका, गाडी तुम्ही एकटेच चालवणार असाल तर तो हवा कशाला? दोन-तीन सेंटीमीटर तिथेच सुटतात.

सीट कुणाची? नाव मोठं असलं म्हणजे सीट खरी असं नाही. रेकारो, स्पार्को, ब्राइड या नावांच्या नकला ऑनलाइन ढिगाने मिळतात, शिवणीसकट हुबेहूब. एफआयएचं (मोटार स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) लेबल बघा, त्यावरचा मंजुरी क्रमांक एफआयएच्या प्रसिद्ध यादीत आहे का ते तपासा, उत्पादनाची तारीख वाचा. ८८५५-१९९९ या मानकाची सीट तयार झाल्यापासून ५ वर्षं चालते, ८८६२-२००९ ची १० वर्षं. स्पर्धेत उतरणार नसाल तर तारीख उलटलेली सीट म्हणजे लगेच कचरा नव्हे. पण सेकंडहँड घेताना कव्हर काढायला लावा आणि टॉर्च मारून बोल्टच्या भोकांभोवती बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर उठा आणि घरी या. विकणारा म्हणेल, नुसता रंग तडकलाय. म्हणू दे.

रुंदीसाठी सोपी युक्ती: लाकडी बाकावर बसा, दोन्ही कुल्ल्यांना लागून दोन जाड पुस्तकं उभी करा, उठा, मधलं अंतर मोजा. पँटच्या कमरेचा आकडा इथे उपयोगाचा नाही. सीटमध्ये निदान अर्धा तास बसा, दुकानदार वैतागला तरी. कुल्ल्याचं हाड किंवा बरगडी जिथे दुखायची तिथे पंधरा-वीस मिनिटांनी दुखू लागते, दोन मिनिटांत सगळ्याच सीट छान वाटतात. आणि हा अर्धा तास हेल्मेट घालून. लोक हसतील, हसू द्या. पुण्याहून चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकला हीच गाडी चालवत नेणार असाल तर मात्र फिक्स बकेटचा, म्हणजे पाठ मागे न झुकणाऱ्या सीटचा, विचार दोनदा करा. हजार किलोमीटरच्या वर प्रवास करून तुमची कंबर ट्रॅकवर उतरायच्या लायकीची राहणार नाही. कापड खरखरीतच घ्या. एसी बंद, काचा उघड्या, चेन्नईचा घाम, आणि त्यात लेदरवर माणूस साबणासारखा घसरतो.

आता बेल्ट, कारण सीट आणि बेल्ट वेगळे विकत घ्यायच्या वस्तू नाहीत. सहा-पॉइंट हार्नेस, म्हणजे सहा ठिकाणी बांधलेला रेसिंगचा बेल्ट, लावायचा तर सीटच्या तळाला मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्यांसाठी खाच हवी. साध्या चार-पॉइंटमध्ये धडकेच्या वेळी कमरेचा पट्टा वर पोटावर चढतो आणि माणूस त्याखालून पुढे सरकतो. खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे सपाट जायला हवेत, हान्स (धडकेत डोकं-मान सावरणारी खांद्यावरची चौकट) वापरत असाल तर फार तर २० अंश खाली. मागच्या फ्लोअरला बांधून खाली ओढले तर धडकेत सगळा जोर मणक्यावर येतो. सीटमधल्या खाचा तुमच्या खांद्याच्या उंचीला किंवा किंचित वर असाव्यात. हेही बसूनच कळतं, ब्रोशर वाचून नाही. आणि केज नसताना फिक्स सीट अधिक हार्नेस ही जोडी मला पसंत नाही. गाडी उलटून छत खाली आलं तर तुम्हाला ताठ धरून ठेवणारा पट्टा तुमच्या बाजूने नसतो. बिनकेजच्या गाडीत मूळ सीट, मूळ तीन-पॉइंट बेल्ट, संपला विषय.

ब्रॅकेटला कंजुषी नको. भोसरीत कुणीही तासाभरात अँगल वेल्ड करून देईल, दिसायला भक्कमही दिसेल. एफआयएची किमान मापं त्याच्या हातात द्या: सीटला चार ठिकाणी पकड, बोल्ट किमान ८ मिलिमीटरचे, ब्रॅकेट पोलादी असेल तर ३ मिलिमीटर जाड, हलक्या मिश्रधातूचं असेल तर ५. फ्लोअरला नवीन भोक पाडलंत तर खालून प्रत्येक बोल्टला ४० चौरस सेंटीमीटरची पट्टी हवी, नाहीतर पातळ पत्रा फाडून बोल्ट वर येतो. शक्यतो कंपनीचीच भोकं वापरा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ तरी कोरलेलं असावं, हा त्याच्या ताकदीचा दर्जा. वेल्डिंग पक्कं करण्याआधी सीट नुसती टाचून घ्या आणि आत बसा. हेल्मेट? हो, घालूनच. ब्रॅकेट एक इंच उंच झालं तर वर मोजलेली चार बोटं गेली.

मूळ सीट काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मगच सीटखालच्या एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटमध्येच असते, ती सीटबरोबर जाते. तिच्या जागी रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझतो, एअरबॅग काही परत येत नाही. सीटबेल्टचं बकलही अनेकदा मूळ सीटच्याच चौकटीला असतं. ते कुठे लावणार हे आधी ठरवा. रस्त्यावर हीच गाडी वापरत असाल तर ट्रॅकहून आल्यावर मूळ सीट परत बसवा, तेव्हा ती विकू नका.

बाकी भराभर. मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, खांदा सीटवरून न उचलता. क्लच तळाला गेला तरी गुडघा थोडा वाकलेला. सीट स्टिअरिंगच्या सरळ रेषेत. डोळे मिटून बकल उघडून बाहेर पडायचा सराव, हेल्मेटसकट. अग्निशामक पट्टे बांधलेले असताना हाताला लागेल असा. सीटखाली बाटली, मोबाइल काही नाही. पहिल्या सेशननंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. त्यासाठी तेराचा पाना स्वतःचा न्या, पिटमध्ये उसना मागितला की आधी तो ज्याने नेलाय त्याला शोधावं लागतं.