मुखवटा कसा काढायचा: रात्रीची दहा मिनिटं

रविवारी उपासनेनंतर कोणी विचारलं कसे आहात, की आपण लगेच प्रभूच्या कृपेने सगळं मस्त म्हणतो आणि सकाळीच घरी बायकोवर ओरडून आलेलो असतो, तोच तो खोटा मी. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात (४:२२-२४) प्रेषित पौल जुना मनुष्य, म्हणजे आपला जुना स्वभाव, काढून नवा धारण करा म्हणतो, अगदी कपडे बदलल्यासारखं. तर झोपताना मोबाईल लांब ठेवा, आजचा दिवस देवासमोर आठवा, लोकांना दाखवायला वागलो असा एकच प्रसंग नीट बघा, लाज वाटली तरी पळू नका. मग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय वाचा, त्यात बापाचे पैसे उधळून घरी परतलेल्या मुलाची गोष्ट आहे. धाकटा मुलगा मला मजूर म्हणून ठेवा हे बोलायची तयारी करून आला होता, बापाने तेवढं बोलूच दिलं नाही, झगा आणि अंगठी मागवली. म्हणजे देवाचं लेकरूपण आधीच आहे, ते कमवायचं नाहीये! सकाळी उठून बायकोची माफी मागा, चहाच्या आधी.