जावा की सी शार्प? दोन्हींत आधी मंडळाची वर्गणी लिहून बघा

जावा आणि सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषा. जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने आणली, सी शार्प २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. दोन्हींचे छोटे प्रोग्रॅम शेजारी ठेवले तर नवख्याला फरक सांगता येत नाही. महिरपी कंस तेच, क्लास तेच, न लागणारी मेमरी आपोआप मोकळी होणं तेच. त्यामुळे ‘सोपी कोणती’ या प्रश्नावर वेळ घालवू नका.

काहींना निवड करावीच लागत नाही. पुढच्या सेमिस्टरला जावाचं प्रॅक्टिकल असेल, तर जावा. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये गेम करायचे असतील तर सी शार्प, तिथल्या स्क्रिप्ट तिच्यातच लिहितात. फक्त अँड्रॉइड ॲप करायचं असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि कोटलिन ही भाषा बघा. गूगलने २०१९ पासून तिलाच पहिला मान दिला आहे.

नोकरी इंदुरातच हवी असेल तर सुपर कॉरिडॉरवरचे टीसीएस आणि इन्फोसिसचे कॅम्पस बघून भाषा ठरवू नका. एवढ्या मोठ्या कंपन्यांत दोन्हींची कामं असतात आणि नव्या माणसाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकतील ते त्याच्या हातात नसतं. भाषेने फरक पडतो तो लहान कंपन्यांत. नोकरीच्या साइटवर शहर इंदूर, अनुभव ० ते २ वर्षं असं लावा आणि ‘स्प्रिंग बूट’ (जावातला वेब साचा) व ‘एएसपी डॉट नेट कोअर’ (सी शार्पमधला) असे दोन वेगळे शोध घ्या. नुसतं ‘जावा’ टाकलंत तर जावास्क्रिप्टच्या जाहिराती मिसळतात आणि आकडा फुगतो. दोन्हीकडच्या दहा-दहा जाहिराती पूर्ण वाचा. सोबत एसक्यूएल, अँग्युलर, अझूर असं काय काय मागतात तेही लिहून ठेवा.

आता खरी परीक्षा. गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा प्रोग्रॅम दोन्ही भाषांत लिहा, प्रत्येकीला दोन संध्याकाळी द्या. वीस घरांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली) घ्या: नाव, गल्ली, रक्कम, भरली की बाकी. एकूण जमा काढा, बाकीदारांची गल्लीवार यादी करा आणि ती नव्या फाइलमध्ये लिहा. एवढ्यात दोघींचे स्वभाव कळतात.

पहिली ठेच पैशांत लागते. रक्कम डबल या दशांशाच्या नेहमीच्या प्रकारात ठेवली तर दोन्हीकडे ०.१ अधिक ०.२ बरोबर ०.३ येत नाही, शेपटाला ४ चिकटतो. हे अपूर्णांक बायनरीत नेमके मावत नाहीत. सी शार्पमध्ये यासाठी डेसिमल हा प्रकार भाषेतच आहे आणि बेरीज नेहमीच्या अधिक चिन्हाने होते. जावात बिगडेसिमल वापरावं लागतं. त्याला आकडा अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून द्यायचा, नाहीतर डबलची चूक तशीच आत जाते. बेरजेलाही चिन्ह नाही, मेथड (नावाने बोलवायचं काम) लागते. वर त्याच्या इक्वल्स मेथडला २.० आणि २.०० वेगळे वाटतात. तुलना कंपेअरटूने करावी. हिशेबाच्या कामात सी शार्प इथे सरळ पुढे आहे.

दुसरी ठेच नावांची. जावात == हे चिन्ह दोन मजकुरांची अक्षरं तपासत नाही, दोन्ही मेमरीतली एकच वस्तू (ऑब्जेक्ट) आहेत का एवढंच बघतं. कोडमध्येच टाइप केलेल्या नावांवर ते चालतं, कारण एकसारख्या मजकुराची एकच प्रत ठेवलेली असते. फाइलमधून नावं वाचली की जुळेनाशी होतात आणि पडद्यावर तर सगळं सारखंच दिसतं. इक्वल्स वापरा. सी शार्पमध्ये स्ट्रिंगसाठी == अक्षरंच तपासतं.

फाइल उघडताना जावा अडून बसते: फाइल सापडली नाही तर काय करायचं ते लिहा, नाहीतर कंपाइल (चालवण्याआधीचं भाषांतर) होणार नाही. सी शार्प काही बोलत नाही, फाइल नसेल तर चालताना पडते. शिकणाऱ्याला जावाची ही कटकट चांगली, असं आमचं मत. गल्लीवार गट मात्र सी शार्पच्या लिंक (LINQ) या यादी चाळायच्या सोयीत कमी ओळींत होतात. जावात त्यासाठी स्ट्रीम्स आहेत.

विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हं आली तर फाइलला दोष देऊ नका, आउटपुटचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ करा. लांबी मोजून रकाने सरळ करायला गेलात तर तेही फसेल: ‘श्री’ची लांबी दोन्ही भाषा ४ सांगतात, कारण श, हलंत, र आणि वेलांटी वेगवेगळे मोजले जातात.

चौथ्या संध्याकाळी बघा: कोणत्या भाषेतला एरर वाचून चूक स्वतःला सापडत होती? ती घ्या. दोन्ही सारख्याच जमल्या, तर इंदूरच्या जाहिराती जिच्या जास्त होत्या ती.

लॅपटॉप ८ जीबीचा असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ हा कोड लिहायचा मोठा प्रोग्रॅम टाकायची घाई नको. तो फक्त विंडोजवर चालतो आणि डिस्कची बरीच जागा खातो. सी शार्प चालवणारं डॉट नेट १० आणि व्हीएस कोड हा हलका एडिटर एवढं पुरतं, लिनक्सवरही. जावासाठी जेडीके (जावाचा संच) २१ किंवा २५ घ्या, दोन्ही दीर्घ सपोर्टच्या आवृत्त्या आहेत.

इंदूरच्या भंवरकुआंला क्लास लावणार असाल तर फी भरण्याआधी विषयांची यादी मागा. जावाच्या यादीत ॲपलेट (ब्राउझरात चालणारे छोटे जावा प्रोग्रॅम) किंवा डॉट नेटच्या यादीत वेब फॉर्म्स (वेबपानं बनवायची जुनी पद्धत) दिसले, तर नोट्स जुन्या आहेत: ब्राउझरांनी ॲपलेट केव्हाच बंद केले आणि वेब फॉर्म्स नव्या डॉट नेटमध्ये आलेच नाहीत.