गिअरबॉक्सच्या तेलात शिरलेले थोडेसे पाणी कसे ओळखावे आणि कसे काढावे

सांगलीत पूर मोजला जातो तो आयर्विन पुलावर. 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा 57 फुटांवर गेली आणि 2021 च्या जुलैत तिने धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली. पुरात छतापर्यंत बुडालेल्या गाडीचे काय करायचे, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. मला लिहायचे आहे ते चाकाच्या निम्म्यापर्यंतच्या पाण्यातून गेलेल्या आणि स्वतःच्या बळावर घरी पोहोचलेल्या गाडीविषयी, कारण नेमक्या अशाच गाडीच्या गिअरबॉक्सकडे कोणी पाहत नाही.

माझी ऑटोमॅटिक गाडी हरिपूर रस्त्यावर अशीच पाण्यातून गेली होती. तीन आठवड्यांनी साठच्या वेगाला ती बारीक थरथरू लागली, जणू रस्त्यावर कोणी पट्ट्या मारून ठेवल्या आहेत. गॅरेजमध्ये डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) काढून पाहिली, तेल स्वच्छ लाल दिसले आणि "तेल चांगले आहे" असे सांगून मला परत पाठवण्यात आले. चूक तिथेच झाली. पाणी भरपूर मिसळले की तेल गुलाबी, दुधाळ होते, हे खरे. पण थोड्या पाण्याने रंग बदलत नाही आणि गिअरबॉक्समधील क्लचचे नुकसान मात्र त्या थोड्या पाण्यानेही होते.

गिअरबॉक्स हवाबंद नसतो. तेल तापून आतील हवा फुगली की तिला बाहेर पडण्यासाठी वर ब्रीदर ठेवलेला असतो. ऐंशी-नव्वद अंशांना तापलेला गिअरबॉक्स अचानक थंड पाण्यात गेला की आतील हवा आकसते आणि ब्रीदरमधून, नीट न बसलेल्या डिपस्टिकमधून किंवा जुन्या ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. आत गेलेले पाणी क्लच प्लेटांवरील अस्तरात मुरते, कारण हे अस्तर कागदासारख्या तंतूंचे असते आणि धातूला ते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असते. ती पकड सैल होऊन अस्तराचे पापुद्रे सुटतात, ते फिल्टरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात. गाडी पळवली की पाणी वाफ होऊन उडून जाते, असा समज आहे, पण त्यावर विसंबू नये. अस्तरात मुरलेले पाणी सहज सुटत नाही आणि वाफ झालीच तरी ती थंड कवचाला लागून पुन्हा तेलात ठिबकते.

तपासणीसाठी गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षा जड असल्याने सुटे पाणी तळाशी जमते. म्हणून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन नट (तेल काढण्याचा नट) हळूच सैल करून येणारे पहिले अर्धा वाटी तेल कोरड्या काचेच्या बाटलीत वेगळे धरावे. बाटलीच्या तळाशी पाण्याचा थर दिसला तर पाणी शिरले आहे हे नक्की. नाही दिसला तरी तेल निर्दोष ठरत नाही, कारण विरघळलेले पाणी खाली बसत नाही. त्यासाठी स्वयंपाकातून कायमचा बाद केलेला तवा विजेच्या शेगडीवर, मोकळ्या हवेत तापवावा. त्यावर साध्या पाण्याचा थेंब टाकावा. तो चर्र करून क्षणात आटला तर ताप योग्य. मोत्यासारखा घरंगळू लागला तर तवा जास्त तापला आहे आणि अशा तव्यावर तेल टाकू नये. तवा कोरडा पुसून आधी नव्या डब्यातील तेलाचा एक थेंब टाकावा, मग बाटलीतील. नवे तेल गुपचूप पसरते; पाणी असलेले तेल बुडबुडे काढत तडतडते. मी चष्मा लावून, तव्याशी वाकून ऐकले तेव्हा माझ्या गाडीचे लाल, देखणे तेल फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत होते.

पाणी आढळले की गाडी चालवू नये, तेल त्याच दिवशी बदलावे. ड्रेन नट उघडून सगळे तेल निघत नाही. बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, राहते. एका वेळी 40 टक्के निघते असे धरले, तर पहिल्या बदलानंतर जुने तेल 60 टक्के उरते, दुसऱ्यानंतर 36, तिसऱ्यानंतर सुमारे 22 आणि चौथ्यानंतर 13. म्हणून तेल भरावे, चाके उचलून सर्व गिअर फिरवावेत, पुन्हा काढावे, असे तीन-चारदा करावे आणि शेवटच्या वेळी फिल्टर व नटाचा वॉशर बदलावा. खर्च बोचतो, पण गिअरबॉक्स खोलण्याच्या खर्चापुढे तो फार थोडा आहे. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच असावे; साध्या ऑटोमॅटिकचे तेल सीव्हीटीत, म्हणजे गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये, चालत नाही. एएमटीचा (ज्यात क्लच आणि गिअर यंत्र आपोआप बदलते) गिअरबॉक्स मुळात मॅन्युअलच असल्याने त्यात टॉर्क कन्व्हर्टर नसतो आणि तेल जवळजवळ पूर्ण निघते.

पूर किंवा पाऊस नसताना पाणी सापडले, तर संशय रेडिएटरवर घ्यावा. काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. तो फुटला की कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) तेलात मिसळते, आणि त्यातील ग्लायकॉल अस्तराला पाण्याइतकेच घातक असते. अशा वेळी रेडिएटर बदलल्याशिवाय नवे तेल घालणे वाया जाते.

तेल बदलल्यावर पाचशे किलोमीटरनंतर तव्यावरची तपासणी पुन्हा करावी. तेल शांत राहिले आणि थरथरही गेली, तर काम झाले. तेल शांत असूनही थरथर तशीच राहिली, तर अस्तर सुटले आहे असे समजून गिअरबॉक्स उघडायला द्यावा.