लंबक आहे का शिलाई मशीन? (प्लॉट अ‍ॅनिमेशनच्या टायमिंगमध्ये मी खाल्लेली माती)

मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथॉनची प्लॉट काढायची लायब्ररी) फंक-अ‍ॅनिमेशन (दर फ्रेमला तुमचं अपडेट फंक्शन चालवून प्लॉट हलवणारं टूल) लिहिता येतं असं धरून चालतो. अपडेट फंक्शन कसं लिहायचं, अ‍ॅनिमेशनचा ऑब्जेक्ट व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा नाहीतर कोरी विंडो बघत बसायचं, हे कुठेही मिळेल. मी ज्या खड्ड्यात पडलो तेवढंच सांगतो.

थर्ड इयरला एक मीटरच्या साध्या लंबकाचं अ‍ॅनिमेशन करायचं होतं. ऐरोलीत घरी, जुना लॅपटॉप. इंटरव्हल (दोन फ्रेम्समध्ये किती वेळ) २० मिलिसेकंद, डीटी (दर फ्रेमला गणितातला वेळ किती पुढे जातो) ०.०२ सेकंद, म्हणजे कागदावर अगदी रिअल टाइम. रन केलं तर लंबक पेंगतोय, जाऊन यायला ८ सेकंद, जिथे २ लागायला हवेत. एका सीनियर दादाला विचारलं, तो कोड न बघताच म्हणाला इंटरव्हल कमी कर. केला, ढिम्म फरक नाही. (कोड न बघता उत्तर देणाऱ्याला परत विचारू नका, कितीही भारी पॅकेज असू दे त्याचं.) मग इंटरव्हल परत २० वर आणला आणि डीटी वाढवत गेलो, ०.०८ ला झोका बरोब्बर २ सेकंदांचा दिसला, खूश होऊन सेव्ह केलं, फाइल उघडूनसुद्धा बघितली नाही, आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरवर लंबक चौपट वेगात थरथरायला लागला. वर टायटलमधला शिलाई मशीनचा डायलॉग तेव्हाचा, आमच्या मॅडमचा.

झालं काय होतं, तर मी दर फ्रेमला अख्खा प्लॉट पुसून नव्याने काढत होतो आणि त्यालाच ८० मिलिसेकंद जात होते. इंटरव्हल म्हणजे टाइमटेबल, ठाणे-वाशी गाडी त्यात लिहिलेल्या वेळेला येतेच का? स्क्रीनवर २५ फ्रेम्स गुणिले ८० म्हणजे २ सेकंद. पण सेव्ह करताना काढायला किती वेळ लागला याच्याशी फाइलला घेणं-देणं नसतं, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स) दिला नाही तर तो इंटरव्हलवरून काढतात, २० म्हणजे ५० एफपीएस, आणि तेच २५ फ्रेम्स अर्ध्या सेकंदात खलास. म्हणजे मी माझ्या लॅपटॉपचा स्लोनेस फिजिक्समध्ये घुसवला होता!! हे समजायला मला दोन दिवस लागले, तुम्हालाही लागले तर लाजू नका.

आता आधी एफपीएस ठरवतो, २५. डीटी त्यावरून ०.०४, इंटरव्हल ४०, सेव्हमध्ये पण २५ स्वतः लिहायचं. स्क्रीनवर स्लो दिसलं तर डीटीला हात लावायचा नाही म्हणजे नाही. प्लॉट पुसण्याऐवजी सेट-डेटा वापरा (आधीच काढलेल्या रेषेचे फक्त आकडे बदलतो), ब्लिट चालू करा (बदललेला भागच परत काढतो; सेव्ह करताना त्याचा उपयोग नाही, फक्त स्क्रीनपुरता). मग सेव्ह झालेली फाइल लावून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा झोके मोजा, झोका छोटा असेल तर २० सेकंदांच्या आसपास यायला पाहिजेत. बावळटपणा वाटतो, पण माझा तरी यावरच विश्वास आहे.

लंबकाचं समीकरण सोडवायला सॉल्व्ह-आयव्हीपी (सायपायमधलं फंक्शन) वापरत असाल तर टी-इव्हॅल (कुठल्या कुठल्या वेळेची उत्तरं हवीत ती यादी) द्याच, नाहीतर तो स्वतःच्या मर्जीने लहानमोठे स्टेप घेतो आणि लंबक मध्येच अडखळतो मध्येच पळतो. जिफ करायची असेल तर ३० एफपीएसच्या नादी लागू नका, जिफमध्ये फ्रेमची वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात लिहितात, ३.३३ तिथे बसत नाही, २५ ला बरोबर ४ येतात. आणि लूप फिरताना दर वेळी एक बारीक झटका बसत असेल तर लिनस्पेसमध्ये (वेळेचे समान अंतरावरचे आकडे बनवणारं फंक्शन) एंडपॉइंट फॉल्स करा म्हणजे शेवटचा आकडा गळतो, पहिली आणि शेवटची फ्रेम एकच येत असते, हे मला परवा कळलं.