मुरगळलेला घोटा परत परत का मुरगळतो आणि तो थांबवायचा कसा

बॅडमिंटन खेळताना माझा उजवा घोटा दोनदा मुरगळलाय आणि दुसऱ्या वेळी चूक शंभर टक्के माझीच होती. सूज उतरली, चालताना दुखेना, मग काय, तिसऱ्या आठवड्यात कोर्टवर हजर, आणि एक साधी उडी मारून खाली आलो तर परत तोच पाय, तीच बाजू. मग फिजिओकडे गेलो तर तिने सांगितलं, उजव्या पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. चार सेकंद पण टिकलो नाही.

आधी घोट्यात आहे काय ते बघू, म्हणजे पुढचं पटेल. मुख्य हाडं तीन. नडगीचं जाड हाड टिबिया, त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक फिब्युला, आणि या दोघांच्या खोबणीत खालून बसलेलं टेलस. हाताला लागतात ते दोन उंचवटे म्हणजे पहिल्या दोन हाडांची खालची टोकं, चाचपून बघा, बाहेरचं आतल्यापेक्षा खाली येतं. आता गंमत अशी की टेलस पुढे रुंद आणि मागे निमुळतं आहे, त्यामुळे चवडा वर ओढला की ते खोबणीत घट्ट बसतं आणि बोटं खाली केली की सैल होतं. उडीवरून खाली येताना बोटं खालीच असतात ना, नेमका तेव्हाच सांधा सैल, त्यात तळवा आत वळला की सगळा भार बाहेरच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर. बाहेर तीन लिगामेंट आहेत, त्यातलं पुढचं सगळ्यात कमजोर, बहुतेक वेळा तेच ताणलं किंवा फाटलं जातं. आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट चांगलं जाडजूड, ते सहसा वाचतं.

पण लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. पाय कुठल्या कोनात आहे ही खबर मेंदूला देणारे सेन्सर त्यात असतात, याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. मार बसला की ही खबर उशिरा पोचते, नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू वेळेवर पाय सावरत नाहीत, आणि घोटा परत मुरगळतो. सूज गेली म्हणजे हेही बरं झालं असं अजिबात नाही, मी फसलो तो इथेच.

मुरगळल्यावर पहिलं काम, हाड मोडलं नाही ना ते बघणं. डॉक्टर यासाठी ओटावा नियम वापरतात: घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांची मागची कड, टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत, दाबून दुखते का, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर जो हाडाचा उंचवटा लागतो तो दुखतो का, तळव्याच्या कमानीच्या वरचं आतलं हाड दुखतं का, आणि चार पावलं टाकता येतात का. यातलं काहीही गडबड वाटलं तर एक्स-रे काढा, उद्यावर ढकलू नका.

हाड शाबूत असेल तर पहिले दोनतीन दिवस पाय उशीवर उंच, बोटांकडून वर गुंडाळत आणलेलं क्रेप बँडेज, आणि दुखत असेल तर कपड्यातून १५-२० मिनिटं बर्फ. जोरात चोळू नका, कुणी ओढून बसवतो म्हणालं तर त्याला तर हातच लावू देऊ नका. पण आठवडाभर पलंगावर पण पडू नका, दुखणार नाही इतपत पायाने हवेत अक्षरं गिरवत राहा आणि झेपेल तसा पायावर भार टाकायला लागा.

आता खरं औषध, तेही फुकट. दात घासताना एका पायावर उभे राहा. ३० सेकंद आरामात जमायला लागलं की डोळे मिटून, आधाराला भिंत जवळ ठेवून, मग उशीवर उभं राहून, मग कुणाला तरी बॉल फेकायला सांगून तो झेलत. जोडीला एका पायावर टाच उचलणं आणि रबर बँड पायाला अडकवून तळवा बाहेर ढकलणं, याने पेरोनियल तयार होतात. दोन्ही पायांनी करा. मला पहिले दहा दिवस वाटलं हा काय टाइमपास आहे, पण नेटाने केलं तर नंतर फरक खेळताना जाणवतो. सुरुवातीचे काही महिने खेळताना ब्रेस, म्हणजे घोट्याला आधार देणारा पट्टा, घाला, त्यात लाज कसली, पण ब्रेस आहे म्हणून व्यायाम बंद नको. आणि टाचेच्या कडेला झिजलेले बूट टाकून द्या.

कोर्टवर परत कधी? आठवडे मोजू नका, पाय तपासा. दुखऱ्या पायावर लंगडी घालत पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना उड्या मारा, दुसऱ्या पायाइतकंच अंतर जातंय, उतरताना घोटा डगमगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सूज नाही, तरच रॅकेट उचला, तेही आधी हाफ कोर्ट.